तुलाच तर हवं होतं

वल्लरीनं फोन ओट्यावर पालथा घातला आणि चारुलताच्या मनात पाल चुकचुकली. चांगली बातमी असली की ही मुलगी फोन हातात घेऊन घरभर फिरते. पालथा घालते ते काही बिनसलं तरच.

"कुणाचा गं?" पुरणाचं पातेलं खाली उतरवत तिनं विचारलं.

"मार्लेनेचा. व्हॉइस मेसेज."

"काय म्हणते?"

"गुरुवारी सरावाला येऊ नकोस म्हणते." वल्लरीचा आवाज सरळ होता, नको तितका सरळ. "म्हणते, आम्हाला वाईट वाटलं, पण ठीक आहे, तुलाच तर हवं होतं. डू वोल्टेस्ट एस डोख सो."

चारुलताचा डाव पुरणात तसाच राहिला. हे वाक्य तिनं बारा वर्षांत तिसऱ्यांदा ऐकलं होतं.

पहिल्यांदा ऐकलं ते इथेच, जर्मनीत म्युनिकजवळच्या गार्चिंगमध्ये. तेव्हा वल्लरी सतरा वर्षांची होती. म्युझिकशुलेतल्या, म्हणजे संगीतशाळेतल्या, चार मुली तळघरातल्या खोलीत जमून आर अँड बी गायच्या. एक वर, एक खाली, आणि वल्लरी मध्ये. चारुलताला त्या गाण्यातल्या हरकती आवडायच्या, पण एक कोडं काही सुटायचं नाही. मंडळाच्या गणपतीत चाळीस माणसं आरती म्हणतात ती एकाच चालीत. मग या चौघी चार वेगवेगळ्या चाली एकाच वेळी का गातात? "तू बाकीच्यांसारखं का नाही म्हणत?" असं तिनं एकदा विचारलंही होतं. वल्लरी इतकी हसली होती की तिला उचकी लागली. "आई, मी बाकीच्यांसारखं म्हटलं तर मी कशाला हवी?" आणि मग म्युनिकच्या स्पर्धेला तीन आठवडे उरले असताना त्या तिघींनी तिला सांगितलं, आम्हाला दुसरी मुलगी मिळालीय. तुलाच तर हवं होतं.

दुसऱ्यांदा बर्लिनला. सहा जणांचा ग्रुप होता, तीन मुलगे, तीन मुली. त्याच्यासाठी वल्लरीनं युनिव्हर्सिटी अर्धवट सोडली आणि तिचे बाबा, पद्माकर, महिनाभर तिच्याशी बोलले नाहीत. ऊ-बानच्या, भुयारी रेल्वेच्या, स्टेशनांत गाण्यापासून सुरुवात करून चार वर्षांत ते सहा जण मोठ्या हॉलपर्यंत पोचले. पहिला दौरा ठरला, पोस्टरं छापली, आणि पोस्टरवर वल्लरीच्या जागी कुणी भलतीच. विचारायला गेली तर तेच उत्तर. त्यानंतर दोन वर्षं ती सायकलींच्या दुकानात काम करत होती आणि अंघोळ करतानासुद्धा गुणगुणत नव्हती. चारुलतानं ती दोन वर्षं कशी काढली ते तिचं तिला ठाऊक.

आणि आता कोलोन. मार्लेनेच्या पाच बायकांचा ग्रुप. स्वरूपानं, म्हणजे चारुलताच्या सुनेनं, ओळख करून दिली म्हणून वल्लरी तिथे गेली होती. महिन्याअखेरच्या कार्यक्रमात पहिल्यांदाच वल्लरीनं स्वतः रचलेलं गाणं होणार होतं. वल्लरी पुढे, बाकीच्या चौघींचे आवाज मागे. आयुष्यभर मधल्या आवाजात राहिलेली मुलगी एकदाची पुढे उभी राहणार होती.

"तिला फोन लाव ना," चारुलता म्हणाली.

"तीनदा लावला. उचलत नाही." वल्लरीनं पालथा फोन बोटानं थोडा सरकवला. "आई, तिन्ही वेळा मी आधी कुरकुर केली होती. नाही जमत, सोडून द्यावंसं वाटतं, असं. पण ग्रुपमधल्या कुणाला नाही. फक्त तुला. मग त्यांना कळतं कसं?"

"मी कुणाला सांगितलं? तोंडाला कुलूप आहे माझ्या."

आणि ते खरंच होतं. तिनं कुणालाही सांगितलं नव्हतं. पद्माकरांना चहाच्या वेळी सांगितलं असेल तेवढंच, पण नवऱ्याला सांगणं म्हणजे काही कुणाला सांगणं नव्हे.

मग कोण? चारुलताला उत्तर शोधायला लांब जावं लागलं नाही. उत्तर बाहेरच्या खोलीत खुर्च्या मांडत होतं. स्वरूपा कोलोनच्या एका रेडिओत नोकरीला, मार्लेनेची ये-जा तिथेच, दोघी एका कँटीनमध्ये जेवतात. मागच्या महिन्यात वल्लरी फोनवर रडली तेव्हा ती भावाच्या, अनयच्याच घरी होती, आणि स्वरूपा शेजारच्या खोलीत. गार्चिंगच्या वेळी स्वरूपा या घरात आलीच नव्हती, हे चारुलताच्या लक्षात आलं नाही असं नाही. पण ते पोरींचं भांडण होतं, असं म्हणून तिनं ते बाजूला सारलं. संशयाला एकदा माणूस सापडलं की तारखांची अडचण होत नाही.

स्वरूपा पाण्याचा जग भरायला आत आली.

"स्वरूपा, मार्लेने भेटली होती का गं हल्ली?"

"भेटते की. मंगळवारी भेटली. का हो आई?"

"आमच्या वल्लरीचा काही विषय निघाला?"

स्वरूपानं नळ बंद केला. 'आमच्या' हा शब्द तिला बरोब्बर लागला होता, आणि लागावा म्हणूनच तो वापरला होता. "मार्लेने माझ्याशी नीट बोललीच नाही मंगळवारी. मलाच कळेना काय झालंय. तुम्ही मला काय विचारताय, आई?"

"मी साधंच विचारते."

"नाही, साधं नाही विचारत तुम्ही."

तेवढ्यात अनय आला. त्याला सगळं सांगावं लागलं. तो आधी आईवर चिडला. "आई, प्लीज! वल्लरीला तिथे नेलं कुणी? हिनंच ना? मग ही कशाला तिच्या वाटेत येईल?" पण मिनिटभरानं तोच बायकोकडे वळून हळूच म्हणाला, "आल्झो, म्हणजे, चुकून काही बोलून गेली नाहीस ना तू?"

स्वरूपानं जग ओट्यावर ठेवला आणि कुणाकडे न बघता बाहेर गेली. सासूनं विचारलं त्याचं तिला इतकं वाटलं नसेल, जितकं नवऱ्यानं विचारलं त्याचं वाटलं. ते चारुलताला दिसलं, आणि खोटं कशाला बोला, क्षणभर बरंही वाटलं. वल्लरी खिडकीशी उभी राहून हे सगळं ऐकत होती. वहिनीच्या बाजूनं ती एक शब्द बोलली नाही.

चार वाजता पाहुणे आले. पद्माकरांची एकसष्टी होती, त्यामुळे म्युनिकच्या मंडळातली पंधरा-वीस माणसं तरी येणारच होती. पद्माकर नव्या झब्ब्यात दारापाशी उभे राहून प्रत्येकाला बूट कुठे काढायचे ते सांगत होते. ओवाळायला एकसष्ट दिवे हवेत. पण तेलाचे एकसष्ट दिवे लावले तर छतावरचा राउखमेल्डर, तो धुराचा भोंगा, कोकलेल आणि खालच्या मजल्यावरची फ्राऊ पोलिसांना बोलावेल, म्हणून त्यांनी सेलवर चालणारे एकसष्ट दिवे मागवले होते आणि सकाळी बसून एकेक तपासून पाहिला होता. असा माणूस. गाड्यांच्या कारखान्यात अठ्ठावीस वर्षं ब्रेक तपासल्यावर माणूस दुसरं काय करणार?

जेवणाआधी विलासभाऊ बोलायला उभे राहिले. विलासभाऊ म्हणजे पद्माकरांचे पंचवीस वर्षांचे मित्र. बोलायला उभे राहिले की पुरण गार होईपर्यंत बसत नाहीत.

"मंडळी, आपल्या देशात माणसं जोडणाऱ्याचा सत्कार करतात," ते म्हणाले. "आज आपण तोडणाऱ्याचा करतोय! करार तोडणाऱ्याचा!"

सगळे हसले. हा विनोद कुणाला समजावून सांगावा लागला नाही. जर्मनीत मोबाइल घ्या, जिम लावा, मासिक लावा, करार होतो, आणि मुदतीच्या तीन महिने आधी लेखी क्युंडिगुंग, म्हणजे करार संपवत असल्याची नोटीस, पाठवली नाही तर तो मुकाट्यानं आणखी एक वर्ष तुमच्या गळ्यात पडतो. मंडळातली नवी पोरं हे हमखास विसरत. पद्माकर विसरत नसत. त्यांच्या खोलीत रंगीत ऑर्डनरांची, जाडजूड फायलींची, एक भिंतच होती. प्रत्येक कराराची तारीख त्यांच्या कॅलेंडरात, पत्राचा मसुदा तयार, पत्र रजिस्टरनं जायचं आणि 'मिळालं' असं उलट उत्तर आलं की ते भोक पाडून फायलीत. मुदत चुकली की वर्ष गेलं, हे त्यांचं सुभाषित होतं.

"आमच्या पोराचं, गौरांगचंच बघा," विलासभाऊ रंगात आले. "त्याचे हे काका, जिमला कंटाळलोय असं तो यांच्यासमोर एकदा नुसतं बोलला. पुढच्या महिन्यात जिमच्या दारात गेला तर कार्ड बंद! पठ्ठ्याला स्वतःला कळायच्या आधी यांनी त्याचं जिम सोडवलं होतं! सहीसुद्धा त्याचीच, पण केली यांनी!"

हशा पिकला. पद्माकर लाजून चष्मा पुसू लागले. चारुलताही हसत होती, आणि हसता हसताच थांबली.

स्वतःला कळायच्या आधी.

ती उठली. "वाती बघून येते," असं शेजारच्या नीताताईंना म्हणाली, आणि सेलच्या दिव्यांना कसल्या वाती, असं त्या विचारायच्या आत पद्माकरांच्या खोलीत शिरली.

हिरवा ऑर्डनर घराचा, निळा गाडीचा, पिवळ्यावर 'मुलं'. पिवळ्यात आधी अनयचे जुने कागद होते. मग एक कप्पा, वर पद्माकरांच्या सुवाच्य अक्षरात: वल्लरी, गाणं. तिनं तो उघडला. तीन पत्रं होती. म्युझिकशुलेला एक, बर्लिनला एक, आणि कोलोनला, ऑक्टोबरातलं, एक. तिन्ही तीन ओळींची. मी हा करार मुदतीत संपवत आहे, कृपया लेखी पोच द्यावी, आपली वल्लरी. प्रत्येकामागे पोच. बर्लिनच्या पोचेवर कुणीतरी पेनानं खाली दोन शब्द लिहिले होते: शाडे, फाइगे. दुर्दैव. भित्री.

सही वल्लरीची होती. व्हीचा शेपटीवाला वळसा मात्र पद्माकरांचा. या घरात सगळ्यांच्या सह्या तेच करत आले होते. "बाबा, तुम्हीच करा ना," असं दोन्ही मुलं शाळेत असल्यापासून म्हणत आली होती.

काखेत कळसा आणि गावाला वळसा. बाहेर ती सुनेला कोपऱ्यात घेत होती आणि इथे नवऱ्यानं पुरावा भोकं पाडून, कप्पा करून, नाव घालून ठेवला होता. लपवलासुद्धा नव्हता. त्याला तर तो अभिमानाचा वाटत असणार.

आणि मग त्याच्याही मागची गोष्ट तिच्या ध्यानात आली, आणि ती खुर्चीत बसली. यांना कुणी सांगितलं? वल्लरी सांगायची तिला. ती सांगायची चहाच्या वेळी यांना. तिन्ही वेळा. "पोर फार रडत होती हो. नको म्हणते ते सगळं." कपात साखर ढवळत सांगितलेलं.

"आई, ओवाळायला चला!" बाहेरून अनयची हाक आली.

तिनं ओवाळलं. हातात जड ताट, त्यात एकसष्ट दिवे एका सुरात लुकलुकताहेत, समोर पाटावर हा माणूस टोपी घालून बसलेला. तो तिच्याकडे बघून हसला. लग्नात हसला होता तसाच, थोडासा घाबरलेला. तिला त्या क्षणी त्याचा इतका राग आला, आणि इतकी कीव आली, की ताट मध्येच थांबलं. लोकांना वाटलं, भरून आलंय.

पाहुणे सात वाजेपर्यंत पांगले. घरातली पाचच माणसं उरली तेव्हा चारुलतानं पिवळा ऑर्डनर आणून जेवणाच्या टेबलावर वल्लरीसमोर उघडला.

वल्लरीनं तिन्ही पत्रं वाचली. बर्लिनच्या पोचेवर ती थांबली. पेनानं लिहिलेल्या त्या दोन शब्दांवरून तिचं बोट फिरलं.

"बाबा?"

"हां, ते," पद्माकर म्हणाले. "नीट लावलेलं आहे सगळं. काय हवंय त्यातलं?"

त्यांना खरंच कळलं नव्हतं. वल्लरी जर्मनमध्ये सुरू झाली. राग आला की तिची मराठी संपते. भराभर, मोठ्यानं, हात आपटत. तुम्ही मला विचारलं का? एकदा तरी? ते सगळे मला भित्री समजतात, तोंडावर बोलायची हिंमत नाही म्हणून पत्र पाठवलं असं समजतात! बर्लिननंतर दोन वर्षं मी स्वतःला विचारत होते की माझ्यात काय कमी आहे!

पद्माकरांचं जर्मन कारखान्यात कुणाहून कमी नव्हतं. पण आता त्यांनी मराठीच धरून ठेवली. "तू रडत होतीस, वल्लरी. प्रत्येक वेळी. हिनं सांगितलं मला. वर्ष पुढे सरकलं असतं तर तू आणखी एक वर्ष तिथे अडकली असतीस. बर्लिनच्या वेळी तर चार दिवस उरले होते मुदतीला. मी रजा काढून पोस्टात गेलो." ते थांबले. "मी तुला सोडवत होतो."

"कशातून?"

पद्माकरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

वल्लरी आईकडे वळली. आता ती मराठीत बोलली, आणि ते जास्त वाईट होतं. "त्यांना कळतं कसं, असं मी सकाळी विचारलं तुला. तू म्हणालीस, तोंडाला कुलूप आहे."

"मला वाटलं, तुला खरंच नको असेल ते," चारुलता म्हणाली. "इतकी रडायचीस तू. नको नको म्हणायचीस. मग रडायचीस तरी कशाला गं?"

"रडले की बरं वाटायचं म्हणून! तुझ्याशी बोलायचे, रडायचे, तोंड धुवायचे आणि दुसऱ्या दिवशी सरावाला जायचे. पाच जणी जवळ उभ्या राहून गातात तेव्हा रोज काहीतरी खुपतं, आई. ते कुठेतरी टाकावं लागतं. तुझ्याकडे टाकलं की मला तिथे राहता यायचं."

पद्माकर उठले, चष्मा लावला. "आपण पत्र मागे घेऊ शकतो. मी आत्ता मसुदा करतो. उद्याच्या पोस्टानं—"

"एक ओळसुद्धा लिहायची नाही तुम्ही." वल्लरीनं ऑर्डनर मिटला. "मी जाऊन तोंडानं सांगेन. ऐकलं तर ऐकलं."

"मी येऊ बरोबर?" स्वरूपानं विचारलं. सकाळपासून ती पहिल्यांदा बोलत होती. वल्लरीनं तिच्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. "नको, वहिनी. आणि... तुझ्याबद्दल मी सकाळी गप्प राहिले."

"हो. राहिलीस."

चारुलताला वाटलं, आता आपली पाळी. "स्वरूपा, चुकलं माझं."

"हो आई, चुकलं," स्वरूपा म्हणाली आणि ताटं उचलायला लागली. ती रागानं म्हणाली नाही, पण "असू द्या" असंही म्हणाली नाही. अनय मदतीला उठला तेव्हा तिनं त्याच्या हातात सगळ्यात जड पातेलं दिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं तिघं कोलोनला गेली.

त्यानंतर अकरा दिवस वल्लरीचा फोन नाही. चारुलतानं केला तर दोन वाक्यं. बरी आहे, कामात आहे. मार्लेने काय म्हणाली ते विचारायची हिंमत होईना. अनयला विचारलं तर तो म्हणाला, "ती जाऊन आली, एवढंच माहीत आहे मला. स्वरूपाला माहीत असेल, पण ती सांगत नाही." का सांगत नाही, हे विचारायला तोंड कुठे होतं? एक दिवस पद्माकरांनी तो पिवळा कप्पा ऑर्डनरमधून काढला, थोडा वेळ हातात धरला आणि कुठे ठेवावा ते न कळून परत तिथेच लावला. चहाच्या वेळी दोघं हवेबद्दल बोलत. पोर घर सोडून शिकायला गेली तेव्हा हे घर इतकं रिकामं वाटलं नव्हतं.

बाराव्या दिवशी, संध्याकाळी सहाला, फोन वाजला. चारुलता तो घेऊन स्वयंपाकघरात गेली आणि तिनं दार लोटून घेतलं.

"आई." आणि पुढे नुसते हुंदके.

चारुलता ओट्याला टेकून उभी राहिली.

"आई, ती मला पुढे उभंच करत नाही. माझं गाणं आहे, आणि मला परत मध्ये टाकलंय. म्हणते, आधी विश्वास परत मिळव. चौघी माझ्याकडे अशा बघतात ना... आज सरावात मी दोनदा चुकले. नाही जमत मला. नको वाटतं सगळं. सोडून द्यावं आणि निघून यावं असं वाटतं."

मध्ये टाकलंय. म्हणजे घेतलंय. आज सरावात चुकले. म्हणजे आज सराव होता, आणि ही तिथे होती. चारुलताच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं, आणि तिनं तोंडावर पदर धरला, पोरीला ऐकू जाऊ नये म्हणून. इतका आनंद तिला पोरगी पहिली आली तेव्हासुद्धा झाला नव्हता.

"बोल," ती म्हणाली. "ऐकतेय मी."

वल्लरी वीस मिनिटं बोलली, रडली, मार्लेनेला दोन-तीन शिव्या दिल्या, नाक शिंकरलं. शेवटी म्हणाली, "बरं, ठेवते. उद्या नऊला पोचायचंय परत."

"जा. काहीतरी गरम खाऊन घे."

फोन ठेवून चारुलतानं नळाखाली तोंड धुतलं. दार उघडलं तर पद्माकर बाहेरच उभे. हातात दोन कप चहा, कधीचे घेऊन उभे होते कोण जाणे, त्यांवर साय धरली होती.

"वल्लरी होती ना?" त्यांनी विचारलं. "आवाज वेगळा येत होता. रडत होती का? काय म्हणाली?"

चारुलतानं एक कप घेतला. साखर ढवळली.

"काही नाही हो," ती म्हणाली. "सर्दी झालीय तिला."